वडील गेल्यापासून रोज खिडकीत येणारा कावळा: हा संकेत मानावा का?

तुम्ही विचारलंय की वडील गेल्यापासून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा येतो. घरातले म्हणतात ते वडीलच आहेत. तुम्हाला तसं वाटतंही आणि पटतही नाही. पुढे असंही विचारलंय की रोजच्या पाहण्यातल्या पशुपक्ष्यांमधून असे अर्थ काढणं म्हणजे नुसती मनाची समजूत घालणं आहे का, आणि इतरांना असे काही धडे मिळालेत का.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पक्षीशास्त्राची अभ्यासक नाही, पण घराच्या मागे अजून थोडं मोकळं रान शिल्लक आहे आणि बघत बसायची सवय लहानपणापासूनची आहे. त्या बळावर लिहिते.

आधी तुमच्या कावळ्याचं. मानेभोवती राखाडी पट्टा असलेला असेल तर तो घरकावळा, आणि तो सवयीचा पक्का असतो. कुठल्या घरी, कुठल्या वेळी खायला मिळतं हे तो विसरत नाही. कावळ्यांची माणसं ओळखण्याची ताकदही मोठी आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये एक ठरावीक मुखवटा घालून तिथल्या जातीचे काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कोणी आवारात फिरलं की कावळे कालवा करून मागे लागायचे. जे कधी पकडले गेलेच नव्हते तेही त्यात सामील व्हायचे. म्हणून मी तुम्हालाच उलट विचारते: तुमचे वडील त्या खिडकीत पोळीचा तुकडा, भाताचं शीत असं काही ठेवायचे का? ठेवत असतील तर तो कावळा त्यांच्यासाठीच येतोय. यात समजूत घालण्यासारखं काही नाही, हे अक्षरशः खरं आहे. त्यांची एक सवय घराबाहेरच्या कुणाच्या तरी लक्षात राहिली आहे. आणि ते ठेवत नसतील तर दहाव्या-तेराव्याच्या निमित्ताने तुमच्याकडे कावळ्याला घास ठेवणं सुरू झालं असेल आणि त्याने ती जागा धरली असेल.

दहाव्याच्या दिवशी घाटावर तुम्हीही उभे राहिला असाल. पिंड ठेवायचा, बाजूला व्हायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. तो आला नाही की घरातलं कोणीतरी पुढे होऊन हात जोडून बोलायला लागतं: ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘बांधाचं भांडण मिटवू, तुम्ही काळजी करू नका’. तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करतात. मी हे बऱ्याच वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला वाटतं की ही फार शहाणी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या जिवाला कशाचा घोर होता, हे भावाभावांना एकमेकांसमोर, चार नातेवाइकांच्या साक्षीने, मोठ्याने बोलावं लागतं. एरवी कुठल्या घरात हे उघड बोललं जातं? कावळ्याला त्यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तो फक्त उशीर लावतो, आणि त्या उशिरात माणसं बोलून जातात.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकते. पावसाळ्याच्या तोंडावर कावळ्यांची वीण असते. घरट्यात पिल्लं असताना ते जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात, टोचही मारतात. तुमच्यावर अशी झेप आली तर वडील रागावले, त्यांचं काही राहून गेलं, असं मनाला लावून घेऊ नका. वर झाडाकडे बघा. घरटं दिसेल, कदाचित त्यात कोकिळेचं पिल्लूही असेल. थोडे दिवस छत्री घेऊन जा, पिल्लं उडाली की सगळं शांत होतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. प्राण्यांकडून शिकणं ही आपल्याकडे काही हल्लीची टूम नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. आपण त्या अवधूताला दत्तात्रेय मानतो. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी मराठीत टीका लिहिली आणि ती 1573 मध्ये काशीला पूर्ण केली, त्यामुळे हे गुरू कीर्तनांतून गावोगाव पोहोचले. यादीत पृथ्वी, वारा, समुद्र आहेत, तसे अजगर, कबुतर, पतंग, हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी, मधमाशी असे कितीतरी जीव आहेत. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की कुठल्याही प्राण्याने अवधूताला उपदेश केलेला नाही. ते आपापलं जगत होते, हा पाहत होता. आणि नाथ स्पष्टच सांगतात की ज्याचा गुण घेतला तो गुरू, आणि ज्याला पाहून काही टाकायचं कळलं तोही गुरू. मधमाशीचंच बघा. फुलाफुलावरून थोडं थोडं घ्यावं, कुणाला ओरबाडू नये, हे तिच्याकडून घ्यायचं. साठवून ठेवलेला मध शेवटी दुसराच कोणी घेऊन जातो, हेही तिच्याचकडून. एकच माशी, दोन धडे, एक करण्याचा आणि एक टाळण्याचा. म्हणजे अर्थ माशीत भरून ठेवलेला नव्हता. पाहणाऱ्याने आपल्या बुद्धीने तो घेतला. ‘हे आपणच लावतो का’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. अट एकच: आधी प्राणी नीट पाहायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा धडा आधीच तयार असतो, प्राणी नुसता उदाहरणाला धरून आणलेला असतो.

त्याच यादीच्या शेवटाकडे कुंभारीण माशी आहे. काळी-पिवळी, दोऱ्याइतक्या बारीक कमरेची, खिडकीच्या चौकटीवर नाहीतर भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर करणारी. कीर्तनात तिचा दृष्टांत असा येतो: ती एका किड्याला पकडून मातीच्या घरात कोंडते, तो भीतीने सतत तिचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी तिच्याच रूपाचा होऊन बाहेर पडतो. तात्पर्य, ज्याचा ध्यास घ्याल ते व्हाल.

आमच्या मागच्या खिडकीच्या गजांना लागून ती दरवर्षी घरं करते. मी खुर्ची टाकून हे पाहिलंय. मोरीजवळच्या ओलाव्यातून ती पाणी पिऊन येते, कोरड्या मातीवर ते ओकून जबड्यात मोहरीएवढा गोळा धरते आणि भिंतीवर आणून थापते. थापताना मिशा सारख्या हलत असतात, आतून-बाहेरून जाडी चाचपल्यासारख्या. थोड्याच वेळात छोटं मडकं तयार होतं, वर बाहेर वळलेल्या काठासकट. मग मडक्यात पोट घालून ती एक अंडं घालते. ते अंडं आत बारीक तंतूने टांगलेलं असतं. मग शिकार. हिरव्या अळ्या एकामागून एक आणते, पोटाखाली धरून. त्यांना डंख मारलेला असतो, त्या मेलेल्या नसतात, फक्त हलू शकत नाहीत, त्यामुळे सडत नाहीत. मडकं भरलं की तोंड मातीने बंद. शेजारी दुसरं मडकं, मग तिसरं, आणि शेवटी सगळ्यांवरून एक ओबडधोबड गिलावा, की बघणाऱ्याला वाटावं, चिखलाचा गोळा उडून बसलाय. यानंतर ती निघून जाते. काही दिवसांनी त्या गिलाव्याला गोल भोक पडलेलं दिसतं आणि नवी कुंभारीण बाहेर आलेली असते.

जुन्या लोकांनी जे पाहिलं ते खरंच होतं. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. मधला भाग बंद दाराआड होता, तो त्यांनी आपल्या भक्तीने भरला. प्रत्यक्षात अळी माशी होत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं. मी वर्गात दोन्ही सांगते. दृष्टांत भाषेत राहणारच आहे आणि ध्यासाबद्दल तो जे सांगतो ते माणसापुरतं खरं आहे. पण खिडकीवर काय घडतंय हेही मुलांना ठाऊक असायला हवं.

मला स्वतःला मात्र त्या माशीने तिसरंच काही दिलं. तिचं पिल्लू तिला कधीच दिसत नाही. सगळी बेगमी करून, तोंड लिंपून, ती जाते.

माझे वडील लालबागला गिरणीत होते आणि आम्ही आईबरोबर पाटणकडच्या गावात. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, खानावळीचं जेवण, आणि महिन्याला गावाकडे मनिऑर्डर. ते घरी यायचे ते मे महिन्यात आणि गणपतीला, आणि आले की आम्ही पोरं त्यांना परक्यासारखी दारामागून बघायचो. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चिमूटभर जागा असायची. तीत त्यांचं ठरलेलं: पोरांची फी भरा, म्हातारीचं औषध आणा. प्रेमाचा शब्द नाही. 1982 च्या जानेवारीत संप झाला, गिरण्या थंडावल्या, ते कायमचे गावी आले, पण आमच्यात बोलणं असं कधी झालंच नाही. ते गेले तेव्हा मला रडू येण्याऐवजी एक कोरडेपणा आला होता, आणि तो बरीच वर्षं तसाच होता. त्या माशीला शेवटचा गिलावा देऊन उडून जाताना बघून मला पहिल्यांदा वाटलं की अंगाखांद्यावर खेळवणं हा प्रेमाचा एक प्रकार झाला. डबा भरून ठेवणं आणि स्वतः तिथे नसणं, हाही एक. माशीला प्रेम वगैरे काही नसतं, मला ठाऊक आहे. आणि त्या मडक्यात एक अळी जिवंतपणी खाल्ली जात असते, हेही ठाऊक आहे. ते वगळून मी ही गोष्ट कुणाला सांगत नाही. पण वडिलांकडे बघायला मला एक जागा हवी होती, ती तिथे मिळाली.

दुसरी टिटवी. टिटवी ओरडली की आपल्याकडे लोक दचकतात, काहीतरी वाईट घडणार म्हणतात. रात्री घरावरून ओरडत गेली तर विचारूच नका. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर उन्हाळ्यात तिची वीण असते. घरटं असं काही नसतंच. उघड्या मुरमावर चार खडे बाजूला सारलेले आणि त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. दोन हातांवरून बघितलं तरी दिसत नाहीत, इतकी ती मातीत मिसळतात. भर दुपारी ती अंड्यांवर उभी राहते, उब द्यायला नाही, सावली द्यायला. मध्येच उडून जाते आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते, ती ओली पिसं अंड्यांना लावते. कुत्रं नाहीतर माणूस त्या बाजूला वळलं की नर-मादी दोघंही आकांत मांडतात, डोक्यावरून घिरट्या घालतात, कधी पंख मोडल्यासारखं सरपटून त्याला भलतीकडेच नेतात.

म्हणजे ज्याला आपण अपशकून म्हणतो तो त्या क्षणी आपण असतो. संकट आपल्यावर येणार नसतं, तिच्यावर आलेलं असतं, आपल्या पायांच्या रूपाने. ‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ अशी म्हण आपल्याकडे आहे, तिच्या जिद्दीचं कौतुक करणारी. मला तो पराक्रम लागत नाही. ती का ओरडते एवढं कळलं, ते मला नोकरीत रोज उपयोगी पडतं. शाळेत एखादी आई तावातावाने येते, सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलते. पूर्वी स्टाफरूममध्ये आम्ही ‘आली भांडखोर’ म्हणायचो. आता कोणी असा आकांत करायला लागलं की मी आधी बघते, हिची अंडी कुठे आहेत, आणि आपल्यातल्या कुणाचा पाय तिकडे पडलाय का. एकदा एक बाई सहलीच्या पैशांवरून तासभर कडाडत होत्या. बसवून पाणी दिल्यावर कळलं की पैसे भरले नाहीत म्हणून मुलाचं नाव वर्गात वाचून दाखवलं गेलं होतं आणि पोराने दोन दिवस जेवण सोडलं होतं. पैशांचा विषय तिथेच संपला.

बाकीचे प्राणी थोडक्यात. मुंगीला आपण उद्योगाचा पुतळा करून ठेवलंय, पण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन पाहिलं तर वारुळातल्या बऱ्याचशा मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नव्हत्या. कामकरी मुंग्या काढून घेतल्यावर त्यातल्या काही कामाला लागल्या. घरात एखादं माणूस रिकामं दिसलं तर लगेच बोल लावू नये, इतकंच मी त्यातून घेते. पालीबद्दल लोक कौतुकाने सांगतात की ती शेपटी सोडून देते आणि पुढे जाते, तसं आपणही दुःख मागे टाकावं. पण पालीची शेपटी म्हणजे तिची चरबीची साठवण असते, आणि नवी उगवते तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चा असते. सोडून देण्याची किंमत तिच्या अंगावर कायम दिसते. तुमच्या घरी नुकतंच माणूस गेलंय, तुम्हाला कोणी ‘आता विसरा, पुढे चला’ म्हणत असेल तर पालीचा हा भागही त्यांना सांगा.

आता जिथे मला या सगळ्याची भीती वाटते, ते. अर्थ लावणं माणसाच्या मनात राहिलं तर ठीक. ते प्राण्याच्या मानेवर बसलं की वाईट. मांडूळ हा बिनविषारी, सुस्त, उंदीर खाणारा साप. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट दिसते एवढ्यावरून तो दुतोंड्या ठरला आणि गुप्तधन दाखवतो अशी अफवा पसरली. त्यापायी तो पोत्यांतून, बॅगांतून विकायला नेला जातो, आणि मांडूळ पकडल्याच्या, माणसं अटक झाल्याच्या बातम्या आपल्या पेपरांत सतत असतात. घुबड एकीकडे लक्ष्मीचं वाहन, दुसरीकडे अशुभ, आणि दिवाळीच्या सुमाराला तेच जादूटोण्यासाठी मारलं जातं. नागाला दूध पाजायचं पुण्य आपण घेतो, पण साप काही दूध पिणारा प्राणी नाही. उपाशी-तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल त्यात तोंड घालतो, आणि त्याचे दात आधीच उपटलेले असतात. या प्रत्येक ठिकाणी माणसाला चिन्ह दिसलं, जीव दिसला नाही.

एकनाथांच्या चरित्रात सांगतात ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. मी ही गोष्ट शिकवताना मुलांना थांबवून विचारते की नाथांना त्या गाढवात आधी काय दिसलं. मुलं पटकन ‘देव’ म्हणतात. एका वर्षी शेळ्या राखणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, ‘तहान’. मी ते फळ्यावर लिहिलं. तुमच्या खिडकीतल्या पाहुण्याबद्दल माझं सांगणं तेच आहे. त्याच्यात वडील दिसत असतील तर दिसू द्या, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. फक्त फरसाण, शेव असलं खारट-तळकट ठेवू नका. पोळी, भात चालेल, आणि पाण्याची वाटी रोज विसळून ठेवा.

चिन्ह आणि जीव दोन्ही सांभाळणारी रीत आपल्याकडे आहे, ती घरातच होती. आमच्याकडे नागपंचमीला गारुडी बोलवत नसत. पाटावर गंधाने नाग काढायचा, त्याला लाह्या आणि दूर्वा वाहायच्या. त्या दिवशी काही चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आई विळी उचलून ठेवायची आणि पुरणाची दिंडं उकडायची. शेतात कोणी नांगर धरत नसे, खुरपंही लावत नसे. कारण त्या सणाची कहाणीच अशी आहे की एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली होती.